गुन्ह्याची उपपत्ति : महाराष्ट्राचा दीडशें वर्षांचा अनुभव

गांवांत किंवा शहरांत एखादा गुन्हा घडला म्हणजे लोकांच्या तोंडून दोन प्रश्न बाहेर पडतात. हा गुन्हा कोणी केला, हा पहिला. आणि हा गुन्हा कां घडला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधणें हें पोलिसांचें व न्यायासनाचें काम आहे, आणि त्याकरितां प्रत्येक राज्यांत पगारी माणसें नेमलेलीं असतात. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें काम मात्र कोणाकडेच सोंपविलेलें नसतें. तें ज्यानें त्यानें आपापल्या समजुतीप्रमाणें उरकून घेतलेलें असतें. कोणी म्हणतो, जातच तशी. कोणी म्हणतो, गरिबी वाईट. कोणी कलियुगास बोल लावून मोकळा होतो. ही समजूत घरच्या ओसरीवरच राहिली तर तिच्यापासून फारसें नुकसान नाहीं. परंतु हीच समजूत जेव्हां कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसते, तेव्हां तिचे परिणाम पिढ्यान् पिढ्या भोगावे लागतात. महाराष्ट्राच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत ह्या दुसऱ्या प्रश्नास निरनिराळ्या वेळीं निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं, आणि त्या त्या उत्तराबरहुकूम कायदे व संस्था निर्माण झाल्या. त्यांचें फलित काय झालें, हें पाहणें हा ह्या लेखाचा उद्देश आहे.

पेशवाईच्या अखेरीस गांवगाड्याची व्यवस्था कशी होती, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयीं एल्फिन्स्टन साहेबानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या जागल्याच्या कामाचें वर्णन आढळतें. रात्रीं गस्त घालणें, परक्या माणसांवर नजर ठेवणें आणि चोरी झाल्यास चोराचा पावलांवरून माग काढीत जाणें, हें त्याचें काम. माग शेजारच्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविला म्हणजे पुढची जबाबदारी त्या गांवावर पडे. पुणें व सातारा या बाजूस हें राखणीचें काम पुष्कळ ठिकाणीं रामोशी करीत. डोंगरी किल्ल्यांच्या राखणीवरही त्यांची नेमणूक असे. त्याबद्दल त्यांस जमिनी व गांवकीचे हक्क मिळत. १८१८ सालीं राज्य बदललें, किल्ले ओस पडले, आणि ह्या हक्कांना कात्री लागली. पुढें थोड्याच वर्षांत पुरंदरच्या परिसरांत उमाजी नाईक ह्यांच्या नेतृत्वाखालीं रामोश्यांचें बंड उभें राहिलें. ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं उमाजींना पुण्यास फांशीं देण्यांत आलें. ज्यांच्या भरंवशावर गांव झोंप घेत होतें, त्यांचेंच नांव आतां सरकारी दप्तरांत दरोडेखोर म्हणून चढलें. त्यांचें रक्त बदललें नव्हतें. त्यांची चाकरी गेली होती.

जी गोष्ट रामोश्यांची तीच थोड्याफार फरकानें इतर कित्येक जमातींची. बंजारे अथवा लमाण हे बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ यांची वाहतूक करीत. कोंकणपट्टींतील मिठागरांचें मीठ घाटावर चढे तें अशाच तांड्यांच्या पाठीवरून. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, १८६३ सालीं बोरघाट व १८६५ सालीं थळघाट ओलांडून लोहमार्ग देशावर गेला, आणि तांड्यांची शेंकडों वर्षांची वाट मोडली. पारधी रानांतील शिकारीवर जगत. १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानें त्यांस बंद झालीं. छप्परबंद हे मोगल लष्कराच्या तळांवर झोंपड्यांचीं छप्परें घालून देणारे लोक; लष्कर गेलें, तळ गेले, आणि त्यांच्या माथ्यावर खोटीं नाणीं पाडण्याचा शिक्का बसला. ह्या सर्वांनीं कधींच चोरी केली नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु एका पिढींत ज्यांचा धंदा बुडाला त्यांच्यापैकीं कांहीं आडवाटेस लागले, ह्यांत आश्चर्य तें काय? आश्चर्य असलेंच तर तें ह्याचें, कीं बुडालेल्या धंद्याची चौकशी कोणीच केली नाहीं.

चौकशी न करतां उत्तर मात्र तयार झालें. १८७१ च्या ऑक्टोबर महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर केला. त्यामागील विचारसरणी थोडक्यांत अशी: ह्या देशांत सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, त्या अर्थीं चोराचा मुलगा चोर होणार, कारण चोरी हाच त्या जातीचा धर्म. प्रांतिक सरकारनें एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली म्हणजे त्या जाहीरनाम्याच्या खरेपणाविषयीं न्यायालयांत शंका काढण्याची सोय नव्हती. जमातींतील माणसांचीं नांवें नोंदवहींत चढत. त्यांस ठरलेल्या वेळीं हजेरी द्यावी लागे. परवान्यावांचून गांव सोडतां येत नसे. नेहमींच्या फौजदारी कायद्यांत मनुष्यानें कांहीं केल्यावर त्याच्यावर आरोप येतो. ह्या कायद्यांत जन्मणें एवढेंच पुरेसें होतें. प्रारंभीं हा कायदा वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब ह्यांस लागू होता. १९११ च्या सुधारलेल्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याची वाट मोकळी झाली, आणि १९२४ सालीं तो पुन्हां एकत्र करून मंजूर करण्यांत आला.

हाच विचार त्या काळीं युरोपांतही बळावत होता, हें येथें नमूद केलें पाहिजे. इटलींतील लोंब्रोसो ह्या वैद्यानें १८७६ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून, कांहीं माणसें जन्मतःच गुन्हेगार असतात व कवटी, जबडा, कान ह्यांच्या ठेवणीवरून तीं ओळखतां येतात, असा सिद्धांत मांडला. त्याच्याही चाळीस वर्षें आधीं बेल्जममधील केतले ह्या ज्योतिषशास्त्रज्ञानें गुन्ह्यांचे आंकडे तपासून दाखविलें होतें, कीं एका देशांत दर वर्षीं घडणाऱ्या गुन्ह्यांची संख्या व प्रकार ह्यांत विलक्षण सारखेपणा असतो. म्हणजे गुन्ह्याची सामग्री समाजच तयार करीत असतो, व्यक्ति ती केवळ अमलांत आणते. परंतु केतलेचें म्हणणें मानावें तर समाजास स्वतःकडे पाहावें लागतें. लोंब्रोसोचें म्हणणें मानलें म्हणजे दुसऱ्याच्या कवटीकडे पाहून भागतें. राज्यकर्त्यांस कोणतें मत सोयीचें वाटलें असेल, हें सांगावयास नको.

असें असतांही, त्याच दशकांत, आमच्याच पुणें जिल्ह्यांत, सरकारला निराळ्या रीतीनें विचार करावा लागला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारास जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. खतें, रोखे व हिशेबाच्या वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यांत आली. हां हां म्हणतां हें लोण पुणें व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत पसरलें. ह्या दंग्यांचें एक वैशिष्ट्य असें, कीं लोकांचा रोंख कागदांवर होता. सावकारानें खतें मुकाट्यानें बाहेर काढून दिलीं तर त्याच्या जिवास बहुधा धक्का लागत नसे. देण्याचें नाकारलें तर मात्र मारहाण व जाळपोळ होई. सरकारनें फौज पाठविली व साडेनऊशेंच्या सुमारास लोकांस पकडलें. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां हा दरोडा, ही जाळपोळ, हा दंगा. मग कुणब्यांची जात गुन्हेगार म्हणून जाहीर कां झाली नाहीं?

ती झाली नाहीं, कारण ह्या वेळीं सरकारनें दुसरा प्रश्न विचारला. दंग्यांच्या कारणांची चौकशी करण्याकरितां एक मंडळ नेमण्यांत आलें, आणि त्याचा अहवाल १८७८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटपुढें गेला. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, त्या अवधींत विलायतच्या गिरण्यांस हिंदुस्थानचा कापूस लागूं लागला. भाव चढले, आणि सावकारानें कुणब्यास मागेल तेवढें कर्ज दिलें. युद्ध संपलें, भाव कोसळले, सावकारानें हात आंखडता घेतला. ह्याच सुमारास जमिनीच्या साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें खताची मुदत तीन वर्षें. मूळ हेतु ऋणकोचें रक्षण व्हावें हा. परंतु दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून घ्यावयाचें, असा पाठ सावकारानें घातला, आणि निरक्षर कुणबी त्यावर आंगठा उठवीत राहिला. दिवाणी न्यायालय कागद पाही. कागदामागची हकीगत पाही ना. चौकशीमंडळानें बहुतेक दोष सावकारीच्या माथीं मारला व सरकारी साऱ्याकडे बोट दाखविण्याचें टाळलें, हें खरें. तरी सुद्धां गुन्ह्याचें मूळ माणसांच्या रक्तांत नसून खत, व्याज आणि हुकूमनामा ह्यांच्या साखळींत आहे, एवढें त्यानें मान्य केलें.

त्या मान्यतेंतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा जन्मास आला. पुणें, अहमदनगर, सातारा व सोलापूर ह्या चार जिल्ह्यांत न्यायाधिशास खताच्या मागें जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, हें तपासण्याचा अधिकार मिळाला. कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालण्याची वहिवाट बंद झाली. खतें नोंदवण्यासाठीं खेड्यापाड्यांत अधिकारी नेमले गेले. दावा लावण्यापूर्वीं समेट घडवून आणण्याकरितां मध्यस्थ नेमण्यांत आले. हा कायदा निर्दोष होता असें नाहीं. कित्येक सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखतच लिहून घेऊं लागले, व गरजूस कर्ज मिळणें अवघड झालें. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. गुन्हा घडल्यावर कायद्यानें गुन्हेगारास शिक्षा केली, आणि त्याबरोबरच गुन्ह्याच्या कारणासही हात घातला.

१८७१ आणि १८७९ हे दोन कायदे एकाच राज्यकर्त्यांनीं आठ वर्षांच्या अंतरानें केले. एकांत जन्मास शिक्षा आहे. दुसऱ्यांत परिस्थितीची चौकशी आहे. हा फरक कशामुळें पडला? आम्हांस असें वाटतें, कीं कुणबी हा सारा भरणारा होता. त्याच्या जमिनीवर राज्याचा खजिना उभा होता. त्याच्या वतीनें बोलणारी सार्वजनिक सभा १८७० पासून पुण्यांत होती, वृत्तपत्रें होतीं. पारध्याच्या किंवा लमाणाच्या पालावर सरकारी सारा नव्हता, आणि त्याच्या वतीनें अर्ज लिहिणारा वकीलही नव्हता. ज्याचें गाऱ्हाणें ऐकावयास कोणी असतें, त्याच्या गुन्ह्यास कारण सांपडतें. ज्याचें गाऱ्हाणें कोणी ऐकत नाहीं, त्याच्या गुन्ह्यास केवळ वंश सांपडतो. हें अनुमान कठोर वाटेल, पण दोन्ही कायदे शेजारीं शेजारीं ठेवून वाचणाऱ्यास तें टाळतां येणार नाहीं.

मुंबई इलाख्यांत गुन्हेगार जमातींच्या कायद्याचें मूर्त स्वरूप पाहावयाचें असेल तर सोलापूरकडे वळलें पाहिजे. तेथें तारेच्या कुंपणांत वसविलेल्या वस्तीस लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. पारधी, कैकाडी, भामटा इत्यादि जमातींचीं कुटुंबें तेथें आणून ठेवण्यांत आलीं. हजेरी देऊन बाहेर पडावयाचें, कापडाच्या गिरणींत राबावयाचें, आणि पुन्हां हजेरीस कुंपणाआंत यावयाचें, असा तेथील क्रम. ह्या वसाहतींच्या व्यवस्थेवर स्टार्ट नांवाचे अधिकारी होते. त्यांच्या कारकीर्दींत शाळा निघाल्या, कित्येकांस कारखान्यांत कायमचें काम मिळालें, हेंही नमूद करणें न्याय्य होईल. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी, कीं ज्यांच्या रक्तांत चोरी आहे म्हणून कुंपण घातलें, तेच लोक रोज गिरणींत जाऊन प्रामाणिकपणें सूत काढीत होते. काम मिळतांच जर चोरी सुटत असेल, तर ती रक्तांत होती कशी? आपल्याच वसाहतींनीं आपल्याच सिद्धांताचें खंडन केलें, तरी कायदा १९५२ पर्यंत चालूच राहिला.

ह्या कायद्याचा परिणाम केवळ कुंपणाआंतल्यांवरच झाला असें नाहीं. बाहेरील समाजावरही झाला. ज्या गांवांत एका जमातीचीं नांवें नोंदवहींत आहेत, त्या गांवांत चोरी झाली म्हणजे तपासाची दिशा आधींच ठरलेली. फौजदार त्याच पालावर जाणार, त्याच माणसांस चावडीवर आणणार. खरा चोर दुसराच असला तर तो निर्धास्त राहणार. गांवकरी त्यांस शेत वाट्यानें देणार नाहींत, सालगडी म्हणून ठेवणार नाहींत. मुलगा शाळेंत गेलाच तर त्याच्या शेजारीं कोणी बसणार नाहीं. सर्व सरळ वाटा अशा रीतीनें बंद केल्यावर जी एक वाट उरते, तिच्यावर तो सांपडला म्हणजे लोक म्हणणार, पाहा, आम्ही सांगत नव्हतों? अमेरिकेंतील टॅनेनबॉम ह्या लेखकानें १९३८ सालीं हाच विचार मांडला, कीं ज्या मुलास वारंवार वाईट म्हणून ओळखलें जातें, तें मूल शेवटीं ती ओळखच आपली म्हणून स्वीकारतें. आमच्याकडे तर ही ओळख एका मुलाची नव्हती, जातिच्या जातीची होती.

ह्याच्या अगदीं उलट असा एक प्रयोग महाराष्ट्राच्याच एका कोंपऱ्यांत झाला. औंध हें लहानसें संस्थान. १९३९ सालीं तेथील अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना जाहीर केली. त्याच वर्षीं आटपाडीजवळच्या माळावर, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या पुढाकारानें, कैद्यांची एक खुली वसाहत सुरू झाली. तिचें नांव स्वतंत्रपूर. गंभीर गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगणारे कैदी तेथें भिंतीवांचून राहिले. बायकामुलांसह राहून शेती करूं लागले. माणदेशाची ती कोरडी जमीन. पाऊस भरंवशाचा नाहीं. त्या जमिनींतून पीक काढणें आणि ज्याच्यावर कोणाचाही विश्वास उरलेला नाहीं त्याच्यावर विश्वास टाकणें, हीं दोन्हीं कामें सारखींच धाडसाचीं होतीं. १९५७ सालीं व्ही. शांताराम ह्यांनीं काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ ह्या बोलपटास ह्याच प्रयोगाची प्रेरणा होती, आणि त्याची कथा माणदेशाचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर ह्यांनीं लिहिली. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. वसाहत मात्र महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आजही आहे. सोलापूरच्या कुंपणाआंत निरपराधी माणसें होतीं, आणि स्वतंत्रपूरच्या उघड्या माळावर शिक्षा झालेले अपराधी होते. हा विरोध इतिहासाच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये.

येथपर्यंतच्या विवेचनावरून कोणी असें म्हणेल, कीं मग गुन्ह्याचें कारण गरिबी हेंच ठरलें. हें उत्तर वंशाच्या उत्तरापेक्षां दयाळू आहे, पण तेंही पुरतें खरें नाहीं. दारिद्र्यानें गांजलेले लक्षावधि लोक जन्मभर दुसऱ्याच्या कवडीस शिवत नाहींत. १८७५ सालींही कर्जानें पिचलेलीं पुष्कळ गांवें शांत राहिलीं. उलट, ज्यांस कशाचीच ददात नाहीं असे लोक खोटे हिशेब करून हजारों ठेवीदारांस बुडवितात. १९३९ सालीं, म्हणजे स्वतंत्रपूरच्या वर्षींच, सदरलंड ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें आपल्या अध्यक्षीय भाषणांत प्रतिष्ठित व्यापारी वर्गांतील गुन्ह्यांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्याचें म्हणणें असें, कीं गुन्हा ही शिकण्याची गोष्ट आहे. ज्या संगतींत मनुष्य वावरतो तिच्यांतून तो गुन्ह्याची रीत आणि गुन्ह्याचें समर्थनही शिकतो. चोरांच्या टोळींत जसा हा पाठ मिळतो, तसा पेढीवर व कचेरींतही मिळतो.

ह्या म्हणण्याची साक्ष आमच्या डोळ्यांदेखत मिळालेली आहे. मुंबईच्या उत्तर वेशीस, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, मीरा व भाईंदर हीं मिठागरांचीं व भातशेतीचीं गांवें होतीं. १९८५ सालीं तेथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका. १९९१ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती पावणेदोन लाख होती. २००१ सालीं ती पांच लाख वीस हजार झाली, आणि २०११ सालीं आठ लाखांवर गेली. हाटकेशसारख्या भागांत एकीकडे लहानमोठे कारखाने, दुसरीकडे मध्यमवर्गीयांच्या उंच इमारती, असें नवें नगर उभें राहिलें. मुंबईंत जागा परवडेना म्हणून आलेलीं हीं कुटुंबें कष्टाळू, मुलांच्या शिक्षणासाठीं झटणारीं. संस्कृतांत हाटक म्हणजे सोनें. पण येथें राहावयास आलेल्यांनीं सोनें नव्हे, हप्ते भरून घेतलेल्या दोन खोल्या जमविल्या.

ह्याच मीरा रोड परिसरांत ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणे पोलिसांनीं कांहीं कॉल सेंटरांवर छापे घातले. आरोप असा होता, कीं तेथून अमेरिकेंतील नागरिकांस दूरध्वनि करून आपण तेथील करखात्याचे अधिकारी आहोंत असें भासविलें जाई, आणि थकलेल्या कराबद्दल अटक होईल अशी भीति घालून पैसे उकळले जात. छाप्यांत सातशेंहून अधिक माणसें आढळलीं, आणि सुमारें सत्तर जणांस अटक झाली. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या न्याय खात्यानें अशाच प्रकारच्या फसवणुकीबद्दल एकसष्ट व्यक्ति व संस्था ह्यांच्यावर आरोप ठेवले. त्यांत अहमदाबादचीं कॉल सेंटरें होतीं. मीरा रोडच्या त्या दालनांतून दूरध्वनीवर बोलणारे लोक पालावर जन्मलेले नव्हते. इंग्रजी बोलणारे, महिन्याचा पगार घेणारे तरुण-तरुणी त्यांत होत्या. त्यांच्यांतील दोषी कोण व निर्दोष कोण, हें न्यायालयानें ठरवावयाचें. परंतु एवढें स्पष्ट आहे, कीं असा व्यवहार रोजच्या नोकरीच्या रूपानें चालूं शकतो: हजेरी, पाळी, वरिष्ठ, बक्षीस, सर्व कांहीं असलेल्या कचेरींत. ज्याची फसवणूक होते तो सातासमुद्रांपलीकडे असतो, त्याचा चेहरा दिसत नाहीं. आणि शेजारचा मित्र तेंच करीत असतो. मग मनास टोंचणी लागण्यास जागा उरते कोठें? अशा वेळीं जन्मास दोष देण्याची सोय राहत नाहीं, आणि केवळ उपासमारीसही नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. अशा प्रकरणानंतर कोणी इंग्रजी शिकलेल्या तरुणांची जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करा असें म्हटलें नाहीं, आणि तें योग्यच झालें. प्रत्येक आरोपीचा विचार स्वतंत्रपणें व्हावा, पुरावा पाहावा, हेंच न्यायाचें लक्षण. मग हाच न्याय पारध्याच्या मुलास कां मिळूं नये? स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं अनंतशयनम् अय्यंगार ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली, व ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रांत चौदा जमाती विमुक्त जाती म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांत रामोशी आहेत, बंजारे आहेत, वडार, कैकाडी व छप्परबंद आहेत. पण कायदा गेला तरी समजूत गेली नाहीं. लक्ष्मण गायकवाड ह्यांचें ‘उचल्या’ हें आत्मकथन १९८७ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां सुशिक्षित मराठी वाचकांस ह्या जीवनाची खरी ओळख पटली. बाळकृष्ण रेणके ह्यांच्या आयोगाचा अहवाल २००८ सालीं आला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं, म्हणजे कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षें झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयास निकाल देऊन कारागृहांच्या नियमावलींतील जातीवर आधारलेले नियम रद्द करावे लागले, आणि विमुक्त जमातींतील लोकांस पोलिसांनीं मनमानी रीतीनें पकडूं नये, हें पुन्हां बजावून सांगावें लागलें.

ह्या सर्व अनुभवाचा निष्कर्ष काय? गुन्ह्यास एकच एक कारण नसतें. धंदा बुडणें हें कारण असतें, जाचक खत हें असतें, वाईट संगत असते, पकडले न जाण्याची खात्री असते, आणि समाजानें आधींच मारलेला शिक्का हेंही एक मोठें कारण असतें. ह्यांपैकीं कोणतें कारण कोठें लागू पडतें, हें चौकशीवांचून कळत नाहीं. चौकशी केली म्हणजे अपराध्यास सूट मिळते, अशी जी समजूत आहे ती चुकीची आहे. १८७५ सालीं शिक्षाही झाल्या आणि कायदाही सुधारला. गुन्ह्यानें ज्याचें नुकसान झालें त्यास न्याय मिळालाच पाहिजे. वृद्धपणीं आयुष्याची पुंजी गमावणाऱ्या माणसाचें दुःख, मग तो सुप्याचा असो कीं अमेरिकेंतील असो, कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु न्याय मिळाल्यावर जो समाज तेथेंच थांबतो, त्यास तोच गुन्हा पुन्हां नव्या माणसाच्या हातून भोगावा लागतो.

नव्या शहरांतील कुटुंबांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. मीरा-भाईंदर व वसई-विरार ह्यांकरितां १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झालें आहे. पण शेजाऱ्यास शेजारी ओळखत नाहीं, ही उणीव कोणतेंही आयुक्तालय भरून काढूं शकत नाहीं. इमारतींत चोरी झाली म्हणजे आजही पहिला संशय रखवालदारावर, मोलकरणीवर, पलीकडच्या झोंपडपट्टीवर जातो. त्याच इमारतींतील एखादा मुलगा रात्रपाळीस कोठें जातो, त्याच्या हातीं इतका पैसा कोठून येतो, हें मात्र आईबापही विचारीत नाहींत. उलट कौतुक करतात. संशय खालीं वाहतो आणि कौतुक वर चढतें, हीच आमच्या समाजाची जुनी खोड आहे, आणि १८७१ च्या कायद्याची मुळें ह्याच खोडींत होतीं. ती जाणें कायद्याच्या हातीं नाहीं. आपल्या दारावरच्या रखवालदाराचें नांव व गांव विचारणें, त्याचें मूल शाळेंत जातें कीं नाहीं ह्याची चौकशी करणें, आणि आपल्या मुलाची कमाई कोणत्या कामाची आहे हें त्यास नीट विचारणें, एवढें तरी प्रत्येक घरास करतां येण्यासारखें आहे. पूर्वीं राखणदाराची भाकर तुटली तेव्हां गांवाची झोंप उडाली होती. तो धडा ह्या नव्या नगरांनीं वेळीं घ्यावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.